डॅशबोर्डवर ‘एबीएस’चा दिवा लागला, तर...

मोटारीच्या डॅशबोर्डवर पिवळा किंवा नारिंगी दिवा लागला आणि त्यात ‘एबीएस’ ही अक्षरे दिसली, की बहुतेक वाहनचालकांची प्रतिक्रिया दोन टोकांची असते. गाडी तर चालते आहे, ब्रेकही लागत आहेत, मग दिव्याकडे कशाला पाहायचे, असे म्हणून काहीजण महिनोन्महिने तशीच गाडी दामटतात. काहीजण मात्र ब्रेक निकामी झाल्याच्या भीतीने मिळेल त्या गॅरेजमध्ये गाडी लावतात आणि सांगितले जाईल तो खर्च निमूटपणे करून मोकळे होतात. या दोन्ही वागण्यांत धोका आहे. पहिल्यात तो जिवाला आहे, दुसऱ्यात खिशाला. वास्तविक हा दिवा काय सांगतो, काय सांगत नाही आणि त्यामागचे कारण कोणत्या क्रमाने शोधायचे, हे एकदा समजून घेतले तर दोन्ही धोके टाळता येतात.

एकेकाळी ही प्रणाली महागड्या गाड्यांपुरती किंवा एखाद्या मॉडेलच्या सर्वांत वरच्या श्रेणीपुरती मर्यादित होती. भारतात एप्रिल २०१८ पासून नव्याने बाजारात येणाऱ्या मोटारींच्या मॉडेल्सना आणि एप्रिल २०१९ पासून आधीच विक्रीत असलेल्या मॉडेल्सनाही ती बंधनकारक झाली. १२५ सीसीपेक्षा मोठ्या दुचाकींनाही याच सुमारास हा नियम लागू झाला. त्यामुळे त्यानंतर खरेदी केलेल्या लहानातल्या लहान मोटारीतही हा दिवा आहे आणि तो कधी ना कधी लागण्याची शक्यताही आहे.

<b>प्रणालीचे काम काय?</b>

जोरात ब्रेक दाबला की चाकाची फिरण्याची गती झपाट्याने कमी होते. रस्ता ओला, गुळगुळीत किंवा तेलकट असेल तर चाक फिरायचे थांबते, पण गाडी मात्र पुढे घसरत राहते. यालाच चाक ‘लॉक होणे’ म्हणतात. पुढची चाके लॉक झाली की स्टिअरिंग कितीही फिरवले तरी गाडी वळत नाही. मागची लॉक झाली की गाडीचा मागचा भाग भिंगरीसारखा फिरू शकतो. चाके लॉक होऊ न देणे, हे ‘अँटीलॉक ब्रेकिंग सिस्टिम’चे, म्हणजेच एबीएसचे काम.

या कल्पनेचा उगम विमानांत आहे. ओल्या धावपट्टीवर उतरणाऱ्या विमानांची चाके लॉक होऊ नयेत, यासाठी डनलॉप कंपनीची ‘मॅक्सारेट’ ही यांत्रिक प्रणाली १९५०च्या दशकात वापरात आली. १९६६ मध्ये ती ब्रिटनच्या ‘जेन्सन एफएफ’ या मोटारीत बसवण्यात आली. आज जी इलेक्ट्रॉनिक एबीएस सर्वत्र दिसते, तिची खरी सुरुवात १९७८ मध्ये जर्मनीत झाली. बॉश कंपनीने तयार केलेली ही प्रणाली त्या वर्षी मर्सिडीज-बेंझच्या ‘एस-क्लास’ मोटारींसाठी उपलब्ध झाली.

प्रणालीचे मुख्य भाग तीन. प्रत्येक चाकाजवळ एक सेन्सर असतो. चाकाबरोबर फिरणाऱ्या दातेरी किंवा चुंबकीय कड्यावर नजर ठेवून तो चाकाची गती सतत कळवत असतो. बॉनेटखाली व्हॉल्व्ह आणि पंप असलेला हायड्रॉलिक संच असतो. त्यालाच जोडलेला छोटा संगणक चारही चाकांच्या गतीची तुलना करतो. एखादे चाक इतरांच्या मानाने एकाएकी मंदावले, तर ते लॉक होण्याच्या बेतात आहे, हे संगणक ओळखतो. तो त्या चाकाकडे जाणाऱ्या ब्रेक ऑइलचा दाब क्षणभर रोखतो, कमी करतो आणि पुन्हा वाढवतो. हे एका सेकंदात अनेकदा घडते. म्हणूनच एबीएस काम करत असताना पायाखालचे पेडल थरथरते आणि घरघर ऐकू येते. हा बिघाड नव्हे. अशा वेळी पाय न उचलता पेडल घट्ट दाबून धरावे आणि स्टिअरिंगने अडथळा चुकवावा, हाच योग्य उपाय.

एबीएसमुळे गाडी नेहमीच कमी अंतरात थांबते, हा मात्र गैरसमज आहे. ओल्या डांबरी रस्त्यावर बहुधा तसे घडते. पण सुट्या खडीवर किंवा वाळूवर थांबण्याचे अंतर उलट वाढूही शकते. ब्रेक दाबलेला असतानाही गाडी चालकाच्या ताब्यात राहते आणि वळवता येते, हा या प्रणालीचा मुख्य लाभ होय.

<b>दिवा नेमके काय सांगतो?</b>

किल्ली फिरवल्यावर एबीएसचा दिवा काही क्षण लागतो आणि विझतो. ही प्रणालीची स्वतःची चाचणी आहे. काही गाड्यांत गाडी सुरू करून थोडा वेग घेताच बॉनेटखालून एकदाच ‘घर्र’ असा आवाज येतो, तोही पंपाच्या चाचणीचाच भाग असतो. दुचाकींमध्ये तर गाडी प्रत्यक्ष चालू लागेपर्यंत दिवा लागलेला असणे हेच स्वाभाविक आहे. चाके फिरू लागून सेन्सरचे संदेश नीट आले की तो विझतो.

दिवा विझला नाही किंवा चालत्या गाडीत पुन्हा लागला, तर प्रणालीला आपल्यात दोष आढळला आहे आणि तिने स्वतःला बंद करून घेतले आहे, असा त्याचा अर्थ. साधे ब्रेक अशा वेळीही काम करतात. पेडलपासून चाकापर्यंतचा ऑइलचा मार्ग कायम असतो. हरवते ती फक्त चाक लॉक न होऊ देण्याची सोय. एकट्या पिवळ्या दिव्यामुळे गाडी रस्त्यातच सोडून द्यावी लागत नाही ती यामुळेच.

लाल दिव्याची गोष्ट वेगळी. वर्तुळात उद्गारचिन्ह असलेला लाल दिवा हँडब्रेक ओढलेला असताना लागतो, तसाच ब्रेक ऑइलची पातळी घसरल्यावरही लागतो. हँडब्रेक पूर्ण सोडूनही तो विझत नसेल तर गाडी सुरक्षित जागी थांबवावी आणि ऑइल पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. पेडल नेहमीपेक्षा खोल जात असेल किंवा स्पंजासारखे मऊ लागत असेल, तर गाडी ओढूनच न्यावी.

पिवळा आणि लाल असे दोन्ही दिवे एकदम लागले, तर बाब अधिक गंभीर असते. पुढच्या व मागच्या चाकांमध्ये ब्रेकचा जोर वाटून देणारी ‘ईबीडी’ ही व्यवस्था एबीएसच्याच संगणकावर चालते. ती बंद पडली, तर जोरात ब्रेक दाबताच मागची चाके आधी लॉक होऊन गाडी गिरकी घेऊ शकते.

एबीएसबरोबर घसरणाऱ्या गाडीचे चित्र असलेला ‘ईएससी’चा दिवाही पुष्कळदा लागतो. चढावर गाडी मागे न घसरू देणारी सोयही बंद पडते. कधी स्पीडोमीटरचा काटा शून्यावर बसतो. दोन-तीन गोष्टी एकदम बिघडल्या, असे समजून घाबरण्याचे कारण नसते. या साऱ्या व्यवस्था त्याच चाकांच्या सेन्सरवर अवलंबून असल्याने एकाच दोषाची ही अनेक रूपे असतात.

<b>रस्त्यात दिवा लागला तर</b>

सर्वप्रथम वेग कमी करावा आणि पुढच्या वाहनापासूनचे अंतर वाढवावे. त्यानंतर रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी गाडी थांबवून इंजिन बंद करावे आणि मिनिटभराने पुन्हा सुरू करावे. क्षणिक अडथळा असेल तर दिवा विझतो. विझला तरी तो केव्हा लागला होता, याची नोंद मात्र ठेवावी. दिवा कायम राहिला आणि पेडल नेहमीसारखे घट्ट असेल, तर बेताच्या वेगाने गॅरेजपर्यंत जाता येते. परंतु भर पावसात घाट उतरायचा असेल, तर प्रवास पुढे ढकलणेच शहाणपणाचे.

एबीएस बंद असताना ब्रेक लावण्याची पद्धतही बदलावी लागते. पेडल एकदम पूर्ण दाबू नये, टप्प्याटप्प्याने जोर वाढवावा. चाके घसरल्याचे जाणवताच पाय थोडा सैल करून पुन्हा दाबावा. वेगाचा हिशेबही ध्यानात ठेवण्यासारखा आहे. ताशी ६० किलोमीटरऐवजी ८० किलोमीटर वेग असेल तर वेग वाढतो एक तृतीयांशाने. पण ब्रेक लागल्यापासून गाडी थांबेपर्यंतचे अंतर पावणेदोन पटींहून अधिक होते. एबीएस असो वा नसो, हे गणित बदलत नाही.

<b>दिवा केव्हा लागतो, ते टिपा</b>

बिघाड शोधताना सर्वांत उपयोगी माहिती मेकॅनिककडे नसते, ती चालकाकडे असते. दिवा कोणत्या क्षणी लागतो, यावरून निम्मे निदान होते.

किल्ली फिरवल्यापासून दिवा विझतच नसेल, तर तुटलेली वायर, सुटलेला जोड, उडालेला फ्यूज किंवा संगणकातील दोष यांपैकी काही असण्याचा संभव अधिक. सुरुवातीला विझून गाडी थोडा वेग घेताच दिवा लागत असेल, तर एखाद्या चाकाचा गतीचा संदेश येत नाही किंवा चुकीचा येतो आहे. सिग्नलजवळ गाडी हळूहळू थांबत असताना, कोरड्या रस्त्यावरही पेडल थरथरत असेल, तर दातेरी कडे तडकले असावे किंवा सेन्सरच्या टोकावर गंज व लोखंडी कीस साचला असावा. मंद वेगात संदेश तुटक येतो आणि चाक लॉक होत असल्याचा संगणकाचा समज होतो. वळणावर किंवा खड्ड्यात दिवा लागत असेल तर चाकाजवळची वायर आतून तुटलेली असू शकते किंवा बेअरिंग ढिले झालेले असू शकते. चढ-उतारावर वा ब्रेक दाबताना दिवे लुकलुकत असतील तर ऑइलची पातळी काठावर आली आहे का, ते पाहावे. केवळ पावसात किंवा गाडी धुतल्यावर दिवा लागत असेल, तर एखाद्या जोडात पाणी शिरत असण्याची शक्यता असते.

हे सारे एका कागदावर लिहून मेकॅनिकला द्यावे. ‘कधीकधी लागतो’ एवढ्या सांगण्याने त्याला काहीच कळत नाही.

<b>घरच्या घरी काय पाहता येईल?</b>

गॅरेजमध्ये जाण्यापूर्वी पाच गोष्टी कोणालाही तपासता येतात.

पहिली, ब्रेक ऑइल. बॉनेटखालच्या अर्धपारदर्शक डबीवर कमाल आणि किमान पातळीच्या खुणा असतात. पातळी किमान खुणेजवळ असेल तर ऑइल भरून मोकळे होऊ नये. ही बंद व्यवस्था आहे. तिच्यातील ऑइल इंजिन ऑइलसारखे जळून कमी होत नाही. पातळी घसरण्याची कारणे दोनच: ब्रेक पॅड झिजले आहेत किंवा कोठेतरी गळती आहे. कारण न शोधता वरून ऑइल ओतणे म्हणजे इशारा दडपणे. भरायचेच झाल्यास डबीच्या झाकणावर लिहिलेल्या प्रकाराचेच ऑइल, तेही न उघडलेल्या बाटलीतले वापरावे. चुकून इंजिन ऑइल किंवा दुसरे खनिज तेल पडले, तर रबरी सील फुगून सारी ब्रेक व्यवस्थाच निकामी होते. हे ऑइल रंगावर सांडले तर रंग उडतो, हेही लक्षात असावे.

दुसरी, बॅटरी. एबीएसचा संगणक कमी व्होल्टेजमध्ये काम करत नाही आणि स्वतःला बंद करून दिवा लावतो. पूर्ण चार्ज झालेली बॅटरी इंजिन बंद असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन सुरू असताना साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसावेत. सकाळी गाडी कुरकुरत सुरू होत असेल आणि त्याच वेळी दिवा लागत असेल, तर एबीएसआधी बॅटरी, तिची टर्मिनल्स आणि अल्टरनेटर तपासावा.

तिसरी, फ्यूज. एबीएसला एकाहून अधिक फ्यूज असतात. पंप आणि व्हॉल्व्ह यांचे फ्यूज मोठ्या क्षमतेचे असून ते बहुधा बॉनेटखालच्या पेटीत असतात. कोणता फ्यूज कशाचा, हे गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत दिलेले असते. उडालेल्या फ्यूजच्या जागी तेवढ्याच ॲम्पिअरचा फ्यूज लावावा. अधिक ॲम्पिअरचा फ्यूज किंवा वायरचा तुकडा लावणे म्हणजे आगीला आमंत्रण. नवा फ्यूजही उडाला, तर दोष पुढे आहे, हे निश्चित.

चौथी, टायर. एका चाकाचा टायर वेगळ्या मापाचा असेल, एखाद्यात हवा फारच कमी असेल किंवा लहान आकाराची स्टेपनी लावलेली असेल, तर ते चाक इतरांपेक्षा वेगळ्या गतीने फिरते. संगणकाला तो दोष वाटू शकतो. टायर बदलल्याच्या दुसऱ्याच दिवशी दिवा लागला असेल तर मापे आधी पाहावीत.

पाचवी, मागचे ब्रेकलाइट. पेडल दाबल्याचा संदेश देणारा स्विच अनेक गाड्यांत एबीएसच्या संगणकालाही तीच माहिती पुरवतो. दुसऱ्या व्यक्तीला मागे उभे करून पेडल दाबावे. ब्रेकलाइट लागत नसतील किंवा लागलेलेच राहत असतील, तर पेडलवरचा हा स्वस्तातला स्विचच मूळ कारण असू शकतो.

<b>कोड म्हणजे निकाल नव्हे</b>

या पाच गोष्टी ठीक असतील, तर पुढची पायरी स्कॅनरची. दोष आढळताच एबीएसचा संगणक त्याचा सांकेतिक क्रमांक स्मरणात साठवतो. चालकाच्या बाजूला डॅशबोर्डखाली असलेल्या सोळा पिनांच्या सॉकेटला स्कॅनर जोडून तो वाचता येतो. बाजारात मिळणारी स्वस्त यंत्रे मात्र बहुधा इंजिनाचेच कोड वाचतात. इंजिनाचे कोड ‘पी’ या अक्षराने सुरू होतात, तर ब्रेक व चासीचे ‘सी’ने. त्यामुळे एबीएस वाचू शकणारा स्कॅनर गॅरेजमध्ये आहे का, हे आधी विचारून घ्यावे. ‘कोड काहीच नाही’ असे उत्तर मिळाले, तर तो दोष गाडीत नसून यंत्रात असू शकतो.

उदाहरणादाखल, ‘सी-००३५’ हा प्रमाणित कोड पुढच्या डाव्या चाकाच्या सेन्सरच्या जोडणीचा आहे. ‘सी-००४०’ पुढच्या उजव्या, ‘सी-००४५’ मागच्या डाव्या आणि ‘सी-००५०’ मागच्या उजव्या चाकाचा. कंपन्यांचे स्वतःचे वेगळे कोडही असतात. इथेच ग्राहकाची फसगत होते. कोड सेन्सरच्या ‘जोडणी’कडे बोट दाखवतो. त्या जोडणीत सेन्सर आहे, तशीच वायर आहे, प्लग आहे, दातेरी कडे आहे आणि बेअरिंगही आहे. कोड वाचून थेट नवा सेन्सर बसवणे, हे निदान न करताच औषध देण्यासारखे झाले.

योग्य क्रम असा. आधी त्या चाकाजवळची वायर हाताने व डोळ्यांनी तपासायची. स्टिअरिंग वळताना आणि चाक वर-खाली होताना ही वायर सतत वाकते. वरचे आवरण शाबूत असूनही आतली तार तुटलेली असू शकते. नंतर प्लग उघडून त्यात पाणी किंवा हिरवट गंज आहे का, ते पाहायचे. त्यानंतर सेन्सर काढून त्याचे टोक स्वच्छ करायचे आणि चाक फिरवून कडे पूर्ण पाहायचे. एखादाच दात तुटला असला तरी तेवढा पुरतो.

सेन्सर मुख्यत्वे दोन प्रकारचे असतात. जुन्या पद्धतीच्या साध्या चुंबकीय सेन्सरचा रोध मल्टीमीटरने मोजता येतो. तो साधारण ८०० ते २,००० ओहमच्या दरम्यान असतो. नेमका आकडा माहीत नसेल तर त्याच अक्षावरच्या दुसऱ्या बाजूच्या सेन्सरशी तुलना करावी. नव्या गाड्यांतील सक्रिय सेन्सरला संगणकाकडून वीज मिळते. त्यांच्यावर ओहमची ही चाचणी लावू नये. तिचा निष्कर्ष तर चुकतोच, पण सेन्सरही खराब होऊ शकतो. अशा वेळी स्कॅनरवर चारही चाकांची गती एकाच वेळी पाहणे उत्तम. मोकळ्या सरळ रस्त्यावर ताशी २०-३० किलोमीटर वेगाने एकाने गाडी चालवावी आणि दुसऱ्याने आकडे पाहावेत. तीन चाके २५ दाखवत असताना चौथे शून्य किंवा वरखाली उड्या मारणारा आकडा दाखवत असेल, तर दोषी चाक सापडले.

<b>दुरुस्तीनंतर लागलेला दिवा</b>

दिवा लागण्याच्या थोडे आधी गाडीवर कोणते काम झाले होते, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा. सस्पेन्शन, ब्रेक पॅड किंवा ॲक्सल यांचे काम करताना सेन्सरचा प्लग काढलेला असतो. तो पुन्हा नीट बसवायचे राहून जाते किंवा वायर क्लिपमध्ये न अडकवल्याने टायरला घासू लागते.

बेअरिंगचे उदाहरण विशेष बोलके आहे. अनेक नव्या गाड्यांत दातेरी कड्याऐवजी बेअरिंगच्या सीलमध्येच चुंबकीय पट्टी बसवलेली असते. ती डोळ्यांना साध्या काळ्या रबरासारखी दिसते. असे बेअरिंग उलट्या बाजूने दाबून बसवले, तर चाक उत्तम फिरते, आवाज जातो, सारे काही ठीक वाटते. पण सेन्सरसमोर चुंबकीय पट्टीच येत नाही आणि गाडी रस्त्यावर येताच दिवा लागतो. अशा वेळी कोड सेन्सरचा येतो, नवा सेन्सर बसवला जातो आणि दिवा तसाच राहतो. बेअरिंग बदलल्यावर लगेच दिवा लागला, तर सेन्सरच्या खर्चाला होकार देण्यापूर्वी बेअरिंगची बाजू आणि प्रकार तपासण्याचा आग्रह धरावा.

<b>पंप आणि संगणक: खर्चाचे प्रकरण</b>

सेन्सर, वायर आणि कडी निर्दोष ठरली, तरच हायड्रॉलिक संचाकडे वळावे. हा या प्रणालीतील सर्वांत महाग भाग. पंपाची मोटार अडकणे, व्हॉल्व्ह न हलणे किंवा संगणकातील सोल्डरचे जोड काळाच्या ओघात तडकणे, असे दोष त्यात उद्भवतात. तरीही संपूर्ण संच बदलण्याचा सल्ला मिळाल्यास आधी दोन गोष्टी पक्क्या करून घ्याव्यात. संचापर्यंत पूर्ण व्होल्टेज पोहोचते का आणि त्याची अर्थिंगची वायर गंजलेली नाही ना? गंजलेल्या एका अर्थिंगमुळे धडधाकट संच ‘खराब’ ठरू शकतो. काही संचांतील फक्त इलेक्ट्रॉनिक भाग वेगळा काढून दुरुस्त करून मिळतो, त्याचीही चौकशी करावी. दुसऱ्या गाडीतून काढलेला संच बसवायचा असेल, तर त्याचा भाग क्रमांक जुळला पाहिजे आणि तो गाडीच्या संगणकाशी जुळवूनही घ्यावा लागतो. या कामानंतर व्यवस्थेतील हवा काढताना पुष्कळ गाड्यांत स्कॅनरने पंप चालवावा लागतो. केवळ पेडल दाबून हवा काढली तर ती संचात अडकून राहते आणि पेडल मऊ लागते.

संच अकाली खराब होण्याचे एक कारण ग्राहकाच्या हातात आहे. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. कोरडे असताना ‘डॉट-४’ प्रकारच्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा शोषल्यावरची त्याची किमान मर्यादा १५५ अंश आहे. ‘डॉट-३’साठी हेच आकडे २०५ आणि १४० आहेत. घाट उतरताना ब्रेक तापले की असे जुने ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल दाबूनही जोर येत नाही. शिवाय तोच ओलावा पंप व व्हॉल्व्ह यांना आतून गंजवतो. कोकणासारख्या दमट हवेत आणि लांबलेल्या पावसाळ्यात हा धोका अधिक. बहुतेक कंपन्या दोन वर्षांच्या आसपास ऑइल बदलण्यास सांगतात. नेमकी मुदत पुस्तिकेत पाहावी.

पावसाळ्याचे आणखी दोन उपद्रव आपल्याकडील वाहनधारकांना चांगले ठाऊक आहेत. साचलेल्या पाण्यातून गाडी नेल्यावर चाकाजवळच्या प्लगमध्ये गढूळ पाणी शिरते आणि पाणी ओसरल्यावर काही आठवड्यांनी, गंज धरल्यावर दिवा लागतो. दुसरा उपद्रव उंदरांचा. बॉनेटखालच्या उबेला येऊन ते वायरी कुरतडतात. अनेक दिवस उभी असलेली गाडी सुरू करताच दिवे लागले, तर आधी वायरिंग पाहावे.

<b>दिवा विझवला, दोष राहिला</b>

स्कॅनरने कोड पुसला की दिवा विझतो. ही दुरुस्ती नव्हे. दोष कायम असेल तर काही अंतरातच दिवा परततो. याउलट दोष खरोखर दूर झाला, तरी काही गाड्यांत थोडे अंतर चालवून चाकांचे संदेश पडताळले गेल्याशिवाय दिवा विझत नाही. म्हणून बिल देण्यापूर्वी मेकॅनिकला बरोबर घेऊन फेरी मारणे हिताचे.

याहून गंभीर प्रकार म्हणजे दिवाच काढून टाकणे, त्यावर काळी पट्टी लावणे किंवा त्याची वायर दुसऱ्या एखाद्या दिव्याला जोडणे, जेणेकरून किल्ली फिरवल्यावर तो लागल्यासारखा दिसावा आणि विझावा. जुनी गाडी विकण्यापूर्वी असे प्रकार केले जातात. नवा मालक एबीएस आहे, या भरवशावर पावसात पूर्ण जोराने ब्रेक दाबतो आणि चाके लॉक होतात. जुनी मोटार घेताना म्हणूनच इंजिन सुरू न करता केवळ किल्ली फिरवून पाहावे. एबीएसचा दिवा लागलाच पाहिजे आणि नंतर विझला पाहिजे. मुळीच न लागणारा दिवा हा न विझणाऱ्या दिव्याइतकाच संशयास्पद. तो तेलाच्या किंवा बॅटरीच्या दिव्याबरोबर नेमक्या त्याच क्षणी विझत असेल, तरीही खात्री करून घ्यावी. शक्य असल्यास स्कॅनर लावून एबीएसचा संगणक उत्तर देतो का, हे व्यवहारापूर्वीच पाहावे.

<b>गॅरेजमध्ये विचारायचे प्रश्न</b>

कोड कोणता आला आणि तो लिहून मिळेल का? कोणत्या चाकाचा? वायर, प्लग आणि कडे तपासले का? जुना भाग परत मिळेल का? नव्या भागाची हमी किती दिवसांची? दिवा पुन्हा लागला तर तपासणीचे पैसे पुन्हा द्यावे लागतील का? हे प्रश्न विचारायला तांत्रिक शिक्षण लागत नाही. चांगला मेकॅनिक त्यांनी दुखावत नाही; किंबहुना ग्राहकाने नोंदी ठेवल्या असतील तर त्याचे काम सोपेच होते. गाडी हमीच्या मुदतीत असेल, तर बाहेर वायरिंगला हात लावू देण्यापूर्वी अधिकृत केंद्रात दाखवावी. अन्यथा हमी नाकारली जाण्याची शक्यता असते.

एबीएसची गरज वर्षातून एखाद्याच क्षणी पडते. समोर अचानक माणूस किंवा जनावर येते, रस्ता ओला असतो आणि चालकाला विचार करायला वेळ नसतो. त्या क्षणी प्रणाली जागी असेल की नाही, हे आदल्या महिन्यात त्या पिवळ्या दिव्याकडे लक्ष दिले होते की नाही, यावर ठरते. दिवा लागल्यावर बहुधा एखादी वायर, प्लग किंवा साफसफाई एवढ्यावरच काम भागते. तेवढ्यासाठी तो आठवडाभरात तपासून घ्यावा आणि तोपर्यंत वेग आवरता ठेवावा.